अर्धवट उतरलेली फाइल आणि हातचे गेलेले गिऱ्हाईक

व्यापाराचा माल आता नुसत्या गाठीत आणि पेटीत जात नाही, फाइलच्या रूपानेही जातो. साड्यांचा किंवा फर्निचरचा कॅटलॉग पीडीएफमध्ये असतो. भरतकामाच्या यंत्राची डिझाइने, लाकूड कोरणाऱ्या सीएनसी यंत्राच्या फाइली, छापखान्यासाठी तयार केलेली पाने, दागिन्यांचे नमुने, मालाचे व्हिडिओ, हे सारे कोणी दाखवण्यासाठी तर कोणी थेट विकण्यासाठी आपल्या वेबसाइटवर ठेवतो. लहान फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून भागते. मोठी फाइल मात्र "आमच्या साइटवरून डाउनलोड करून घ्या" असे गिऱ्हाइकाला सांगावे लागते, आणि इथेच पुष्कळदा घोटाळा होतो. फाइल अर्धी उतरते, लाइन तुटते, आणि पुन्हा बटण दाबले की काम शून्यापासून सुरू होते.

गिऱ्हाईक नेटवर्कला दोष देते. दुकानदार गिऱ्हाइकाच्या मोबाइलला दोष देतो. खरा दोष अनेकदा दुकानदाराच्या स्वतःच्या वेब सर्व्हरकडे असतो, आणि तो दूर करायला फारसा पैसा लागत नाही. म्हणून हा विषय व्यापारी आणि कारागीर बांधवांनी नीट समजून घ्यावा. त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. हिशेब करता येत असला की पुरे.

तर आधी हिशेबच करू. समजा आपला कॅटलॉग ६० मेगाबाइटचा आहे. गिऱ्हाईक तालुक्याच्या गावात मोबाइलवर आहे आणि त्याला सेकंदाला ४०० किलोबिट एवढाच वेग मिळतो आहे. पूर्ण फाइल उतरायला २० मिनिटे लागतील. ५० मेगाबाइट उतरल्यावर नेटवर्क गेले. आपला सर्व्हर उरलेले १० मेगाबाइट देऊ शकत असेल तर गिऱ्हाइकाचे एकूण ६० मेगाबाइटच खर्च होतात. देऊ शकत नसेल तर पुन्हा ६०. अशी लाइन तीनदा तुटली आणि चौथ्या खेपेला फाइल पूर्ण झाली, तर ५० गुणिले ३ अधिक ६०, म्हणजे २१० मेगाबाइट झाले. रोजचे एक जीबी मिळणाऱ्या गिऱ्हाइकाचा पाचवा हिस्सा आपल्या एका कॅटलॉगने खाल्ला. वेळ गेला सव्वा तासाच्या आसपास. इतका वेळ कोण बसतो? ते गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानदाराचा कॅटलॉग उघडते, आणि आपल्याला त्याची खबरही लागत नाही, कारण न आलेल्या ऑर्डरीची नोंद कोणत्याच वहीत होत नसते.

शंभर गाठी आणि बिल्टी

मालवाहतुकीचे उदाहरण घेतले की गोष्ट लगेच ध्यानात येते. १०० गाठी पाठवायच्या आहेत. ५० पोचल्या आणि ट्रक बंद पडला. समोरच्या व्यापाऱ्याने निरोप धाडला, "५० मिळाल्या, ५१ पासून पुढच्या पाठवा." शहाणा गोदामवाला ५१ ते १०० भरून पाठवतो आणि बिल्टीवर लिहितो, "गाठ ५१ ते १००, एकूण १००." दुसरा एक गोदामवाला असा की निरोप न वाचताच पुन्हा पहिल्यापासून शंभरच्या शंभर भरतो. वेब सर्व्हरही या दोन प्रकारांचे असतात.

इंटरनेटवर निरोप आणि बिल्टीचे हे काम ठरलेल्या शब्दांत होते. फाइल बाइटमध्ये मोजतात. उतरवून घेणारा ब्राउझर सर्व्हरला फाइल मागताना 'रेंज' नावाची एक ओळ जोडतो: अमुक बाइटपासून पुढचे द्या. सर्व्हरला ते जमत असेल तर तो २०६ क्रमांकाचे उत्तर देतो. या २०६ चा अर्थ 'मजकुराचा भाग देत आहे' असा. सोबत 'कंटेंट-रेंज' ही ओळ असते, तीच बिल्टी. तिच्यात कोठून कोठपर्यंतचे बाइट आणि एकूण किती, हे तिन्ही आकडे असतात. सर्व्हरला जमत नसेल तर तो नेहमीचे २०० क्रमांकाचे उत्तर देऊन सगळी फाइल पहिल्यापासून ओततो. नियमाने तसे करायला त्याला मुभा आहे, म्हणून कोठे चूक दिसत नाही, तक्रार नोंदली जात नाही, आणि वेबसाइट बनवणारा "सगळे व्यवस्थित चालू आहे" असे सांगून मोकळा होतो. फाइल संपल्यानंतरचे बाइट मागितले तर ४१६ हे उत्तर येते. मागितलेला माल गोदामात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मोजणीत एक खोच आहे. बाइट १ पासून मोजत नाहीत, ० पासून मोजतात, आणि दोन्ही टोके धरतात. ० ते ४९९ मागितले की ५०० बाइट येतात. एक कोटी बाइटच्या फाइलचा शेवटचा बाइट ९९,९९,९९९ क्रमांकाचा. स्वतःच्या हाताने हा कार्यक्रम लिहिणारे पुष्कळ जण इथेच एका बाइटने चुकतात. एक बाइट म्हणजे कापडाच्या ताग्यातला एक धागा, असे कोणी म्हणेल. पण झिप फाइलमध्ये एक बाइट कमी पडला तर ती उघडताना तक्रार करते, आणि दोष पुन्हा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जातो.

ही सोय आली कोठून?

भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम लावून नंबर फिरवायचा, तो लागला तर लागला. पुढे २८.८ किलोबिटचे मोडेम आले तेव्हाही १० मेगाबाइटची फाइल उतरायला, तार पूर्ण वेगाने चालली तरी, पाऊण तासाहून अधिक वेळ लागे. तेवढ्यात घरातल्या कोणी दुसऱ्या फोनचा रिसीव्हर उचलला की सगळे मुसळ केरात. जगभर हीच रड होती. फाइल पाठवण्याची एफटीपी नावाची जुनी पद्धत होती, तिच्या ऑक्टोबर १९८५ च्या नियमांत मध्येच तुटलेले काम पुढे चालू करण्याची आज्ञा होती. वेबच्या एचटीटीपी या पद्धतीत मात्र आरंभी तशी तरतूद नव्हती. मे १९९६ मध्ये छापल्या गेलेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ती सापडत नाही. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये ती आली.

ती येण्यामागे नुसती तुटणारी तार नव्हती. ॲडोबी कंपनीला पीडीएफ फाइल पानापानाने दाखवायची होती. ३०० पानांच्या पुस्तकातले २१० वे पान हवे असेल तर आधीची २०९ पाने कशाला उतरवायची? १९९६ च्या ॲक्रोबॅट ३ मध्ये ही सोय होती, आणि ती चालण्यासाठी सर्व्हरने फाइलच्या मधला तुकडा देणे जरूर होते. म्हणजे कॅटलॉग हाच या विद्येच्या पाळण्यातला सोबती आहे, असे म्हणायला हरकत नाही. पुढे गेटराइट, फ्लॅशगेट असे डाउनलोड मॅनेजर निघाले. सायबर कॅफेत बसलेल्यांना ही नावे आठवत असतील. आज नियमांची ताजी प्रत जून २०२२ ची आहे, पण रेंज, २०६ आणि कंटेंट-रेंज यांचा अर्थ १९९७ मध्ये होता तोच आहे.

मग प्रश्न असा की सोय इतकी जुनी, अपाचे आणि एनजिन-एक्स हे दोन्ही प्रसिद्ध सर्व्हर ती फुकट आणि आपोआप देतात, तरी आपल्या गिऱ्हाइकाला ती का मिळत नाही?

उत्तर बहुतेक वेळा एकच असते. दारात कुलूप लावले म्हणून. फाइल साधी उघड्यावर ठेवली तर सर्व्हर स्वतः ती देतो आणि तुकडेही देतो. पण आपण सांगतो की ज्याने पैसे भरले त्यालाच डिझाइन मिळाले पाहिजे, ज्याचे खाते आहे त्यालाच घाऊक दराचा कॅटलॉग दिसला पाहिजे. मागणी रास्तच आहे. मग वेबसाइट बनवणारा मध्ये एक छोटा कार्यक्रम बसवतो, बहुधा पीएचपीत. तो कार्यक्रम आधी गिऱ्हाइकाचे नाव तपासतो आणि नंतर स्वतःच फाइल वाचून पहिल्यापासून शेवटपर्यंत ओततो. रेंजची ओळ आलेली असते, पण ती वाचायला त्याला कोणी शिकवलेले नसते. गोदामातला जुना जाणता माणूस आत बसून राहतो आणि दारावरचा रखवालदारच माल मोजायला लागतो! परिणाम असा होतो की फुकट कॅटलॉग नीट उतरतो आणि पैसे देऊन घेतलेले डिझाइन रखडते. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकालाच सगळ्यात वाईट सेवा, हा व्यवहार कोणत्या बाजारात चालेल?

याचा इलाज आहे, तोही जुना. रखवालदाराने फक्त माणूस तपासावा आणि माल देण्याचे काम सर्व्हरकडे परत सोपवावे. एनजिन-एक्समध्ये त्यासाठी 'एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट' नावाची ओळ आहे. अपाचेत 'एक्स-सेंडफाइल' नावाचा जोड बसवता येतो. चांगल्या कारागिराचे हे दीडदोन तासांचे काम असते. साध्या सामायिक होस्टिंगवर हे जोड बसवू देत नाहीत असे आढळले, तर कार्यक्रमालाच रेंज वाचायला शिकवावे, पण वर सांगितलेली ० ची खोच तपासून घ्यावी. तिसरा मार्ग म्हणजे फाइल ॲमेझॉनच्या एस-३ सारख्या कोठारात ठेवायची आणि पैसे भरलेल्याला ठरावीक मुदतीची लिंक द्यायची. ते कोठार तुकडे देते. पण मुदत किती ठेवली ते पाहा. दहा मिनिटांची मुदत ठेवली आणि गिऱ्हाइकाची लाइन बाराव्या मिनिटाला तुटली, तर पुढचा तुकडा मागताना दार बंद. मुदत निदान एका दिवसाची असावी. लिंक दुसऱ्याला देऊन टाकेल ही भीती खरी. मात्र ज्याला द्यायचेच आहे तो उतरलेली फाइलही देऊ शकतो.

मुदतीसारखीच दुसरी अडचण 'तीन वेळाच डाउनलोड करता येईल' या अटीची. कार्यक्रम प्रत्येक मागणीला एक डाउनलोड धरतो. गिऱ्हाइकाचा डाउनलोड मॅनेजर एकाच फाइलचे चार तुकडे चार बाजूंनी मागतो, आणि पहिल्या मिनिटातच त्याचा कोटा संपतो. तुकड्यांना वेगळे मोजू नये. एकाच गिऱ्हाइकाने एका दिवसात केलेल्या सगळ्या मागण्या मिळून एक, अशी मोजणी ठेवावी.

दोन लॉटचे एक कापड

आता सगळ्यात नाजूक बाब. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला लॉट नंबरचे महत्त्व सांगायला नको. शेड एकच, नंबर एकच, पण दोन वेगळ्या वेळी रंगवलेले कापड एका सदऱ्यात जोडले की उन्हात फरक दिसतो. फाइलचेही तसेच आहे. गिऱ्हाइकाने सकाळी निम्मा कॅटलॉग उतरवला. दुपारी आपण नवे दर टाकून त्याच नावाची नवी फाइल चढवली. संध्याकाळी त्याने उरलेला निम्मा मागितला. सर्व्हरने न विचारता दिला, तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी फाइल तयार होते. पीडीएफ असेल तर ती बहुधा उघडतच नाही, किंवा मधली पाने बिघडलेली दिसतात. पण साध्या मजकुराचे दरपत्रक असेल, सीएसव्ही म्हणतात तसे, तर ते बिनतक्रार उघडते: वरच्या मालाचे दर जुने, खालच्या मालाचे नवे. त्यावरून ऑर्डर आली की मग भांडण.

हे टाळण्यासाठी नियमांत लॉट नंबरचीच सोय आहे. सर्व्हर प्रत्येक फाइलबरोबर 'इटॅग' नावाची खूण देतो, सोबत फाइल शेवटची केव्हा बदलली ती तारीखही देतो. उरलेला भाग मागताना ब्राउझर 'इफ-रेंज' या ओळीत जुनी खूण परत पाठवतो, म्हणजे "हाच लॉट असेल तर तुकडा द्या, नसेल तर नवी फाइल पूर्ण द्या." खूणच मिळाली नसेल तर पुष्कळ ब्राउझर आणि मोबाइल पुढे चालू करण्याच्या भानगडीत पडत नाहीत, शून्यापासून सुरू करतात. तेही बरोबरच आहे. भलत्या लॉटचे कापड जोडण्यापेक्षा नवा तागा बरा. हाताने लिहिलेले कार्यक्रम ही खूण द्यायला विसरतात, हे तपासून घ्यावे.

उलट प्रकारही घडतो. अपाचेच्या २.४ पूर्वीच्या आवृत्त्या इटॅगमध्ये फाइलचा डिस्कवरील अंतर्गत क्रमांकही मिसळत. साइट दोन सर्व्हरांवर चालत असेल तर फाइल तीच, पण खूण निराळी. पहिला भाग एका सर्व्हरकडून घेतलेल्या गिऱ्हाइकाला दुसरा म्हणे, "लॉट बदलला, पुन्हा पूर्ण घ्या." २.४ पासून फाइलची तारीख आणि आकार यांवरूनच खूण बनते.

व्यापाऱ्याच्या हातात असलेला सोपा उपाय असा की नव्या कॅटलॉगला नवे नाव द्यावे. नावातच महिना आणि वर्ष घालावे, आणि जुनी फाइल आठदहा दिवस तशीच राहू द्यावी. ज्याचे अर्धे उतरले आहे त्याचे पूर्ण होऊ द्या; नवे दर नव्या लिंकवर आहेतच.

बरेच जण साइटवर "सगळे फोटो एकत्र डाउनलोड करा" असे बटण ठेवतात आणि ते दाबल्यावर सर्व्हर त्याच वेळी झिप फाइल बांधत बांधत देतो. ही फाइल आधी अस्तित्वात नसते, तिचा एकूण आकार सर्व्हरलाच ठाऊक नसतो, आणि दुसऱ्यांदा बांधली तर ती पहिल्यासारखीच निघेल याची हमी नसते. तिचा उरलेला तुकडा कोण कसा देणार? झिप रात्रीच बांधून ठेवावी. जागा थोडी जास्त लागते, एवढेच.

आखातात राहणाऱ्या गिऱ्हाइकांना मालाचे व्हिडिओ दाखवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. आयफोनचा सफारी ब्राउझर व्हिडिओ सुरू करण्याआधी पहिले दोनच बाइट मागून पाहतो. सर्व्हरने तुकडा दिला तर पुढे जातो. तुकड्याऐवजी पूर्ण फाइल दिली तर व्हिडिओ चालत नाही. म्हणून एकच व्हिडिओ ॲन्ड्रॉइडवर चालतो आणि आयफोनवर काळा चौकोन दिसतो, असा अनुभव आला की आधी हेच तपासावे. व्हिडिओ मधूनच पुढे सरकवता येतो, तोही याच तुकड्यांच्या जोरावर.

कोणी विचारील, इतकी उपयोगी सोय असताना काही जण ती मुद्दाम बंद का करतात? त्यालाही कारण घडले होते. ऑगस्ट २०११ मध्ये अपाचेतला एक दोष उघड झाला. एकाच मागणीत एकमेकांवर चढणारे शेकडो तुकडे मागितले की सर्व्हरची स्मृती भरून तो बसून जाई. एक साधा संगणक मोठ्या सर्व्हरला लोळवू शके. त्याच महिन्याच्या अखेरीस २.२.२० ही दुरुस्त आवृत्ती आली. पण ती येईपर्यंत तात्पुरता इलाज म्हणून रेंजची ओळच काढून टाकण्याची सूचना दिली गेली होती. तशी ओळ एखाद्या जुन्या सेटिंगमधून नकलत नकलत आपल्या सर्व्हरवर आली असेल तर ती काढायला सांगावी. रोग बरा झाल्यावर पट्टी बांधून ठेवण्यात अर्थ नाही.

असो. आपला सर्व्हर कसा आहे हे पाहण्याची चाचणी कोणीही करू शकतो. संगणकावर आपल्याच साइटवरून मोठी फाइल डाउनलोड करायला घ्या. निम्मी झाली की वायफाय बंद करा, मिनिटभराने चालू करा आणि ब्राउझरच्या डाउनलोड यादीत 'रिझ्यूम' दाबा. आकडा निम्म्यापासून पुढे गेला तर ठीक. शून्यावर आला, किंवा रिझ्यूमचे बटणच नसले, तर वेबसाइट बनवणाऱ्याला बोलवा. त्याला सांगा की कर्ल या साधनाने ० ते ९९ एवढेच बाइट मागून दाखव. उत्तर २०६ आले पाहिजे आणि नेमके १०० बाइट आले पाहिजेत. २०० येऊन सगळी फाइल आली तर दुखणे सापडले. तो "मोठा प्लॅन घ्या, वेग वाढवा" असे म्हणाला तर थांबा. वेग वाढवल्याने तुटलेली लाइन जोडली जात नाही, आणि जादा प्लॅनचे पैसे दरवर्षी द्यावे लागतात.

ही चाचणी नुसत्या उघड्या कॅटलॉगवर करून भागणार नाही. गिऱ्हाईक जसे खाते उघडून, पैसे भरून, ईमेलमध्ये आलेल्या लिंकवरून फाइल घेते, त्याच वाटेने जाऊन करावी, कारण कुलूप त्या वाटेवर आहे. होस्टिंग बदलले, साइट नव्याने बांधली, किंवा पैसे घेण्याची नवी सोय जोडली की ती पुन्हा करावी. आणि नवी साइट बनवून घेत असाल तर वेबसाइटवाल्याचे शेवटचे बिल चुकते करण्याच्या आधी करावी.